अंबाखेडीचे बारा बिघे

३ मार्च २०२५, सोमवार

अंबाखेडीचं शेत पाहून आलो. बारा बिघे. विहीर एक, आंबा एक. कागदावर लिहिलेलं आहे — अकरा वर्षं पडीत.

पडीत नाही!

पडीत जमीन कशी दिसते ते मला माहीत आहे. गेल्या वर्षभरात अशा सात पाहिल्या. बाभळी उगवतात, हराळी माजते, बांधावरून आत पाऊल टाकता येत नाही. इथे गवताची काडी नाही. माती भुसभुशीत. या बांधापासून त्या बांधापर्यंत सरळ तासं, नांगराच्या रेघा, दोरी धरून काढावीत तशी. आणि पेरलेलं काही नाही. चारी बाजूंना गहू कापणीला आलेला, आणि मधे ही काळी, रिकामी, तयार जमीन.

टेपने चारही बाजू मोजल्या. मग पावलांनी मोजल्या. दोन्ही जुळलं. तरी बसमध्ये पुन्हा बेरीज केली.

४ मार्च

विद्युल्लताताईंना सांगितलं. संस्था त्यांचीच. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, शेजारचा कोणी चोरून कसत असेल. मी म्हणालो, चोरून कसणारा पेरणार नाही का? "हर्षित, तू फार विचार करतोस. रकाने भर."

रकाने मी नीट भरतो. अकरावी अर्धी सोडली, पण माझ्या कागदात चूक सापडत नाही हे ताईंनीच सगळ्यांसमोर सांगितलंय. काम तसं सोपं आहे. ज्यांची जमीन आहे पण कसायला माणूस नाही, त्यांची जमीन पाच वर्षांच्या लेखी करारावर घ्यायची आणि ज्यांना कसता येतं पण ढेकूळभर माती नाही, त्यांना द्यायची. मधे मी, टेप आणि फॉर्म.

फॉर्मचा सातवा रकाना — 'मागील पाच वर्षे जमीन कोण कसत होते'. तिथे आज काही लिहिलं नाही. पेन्सिलीने टिंब ठेवलं.

(ही वही मराठीत लिहितो ते बरं आहे. इथे देवासच्या ऑफिसात ताई सोडून कोणाला वाचता येत नाही. आणि ताई दुसऱ्याची वही उघडत नाहीत.)

७ मार्च

अंबाखेडीच्या जमिनीसाठी गणपत आणि सजनबाई आले होते. मनावरकडचे. नऊ वर्षं सौराष्ट्रात भागिया — म्हणजे दुसऱ्याच्या शेतात राहायचं, राबायचं, पिकातला हिस्सा घ्यायचा. दरसाल नवा मालक, नवं शेत. सजनबाईच जास्त बोलते. बोटांवर मोजून दाखवलं — कपास, भुईमूग, जिरं, एरंडी. "सब पकाना आता है भैया. बस, एक ही मिट्टी में दूसरी बार कभी नहीं बोया."

सहा वर्षांची मुलगी बाकावर झोपली होती. तिचं नाव शाळेत दोनदा घातलं, दोनदा गाव सुटलं.

आखातीजेपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ठरलं तर ठीक. नाहीतर गुजरातची जीप येते आणि हे पुन्हा जातात. इकडे शेतीचं साल आखातीज ते आखातीज. हाली ठेवायचा त्याच दिवशी, सोडायचा त्याच दिवशी. (हाली म्हणजे आजोबा ज्याला सालगडी म्हणायचे तो.) ३० एप्रिलला आखातीज. चोपन्न दिवस.

गणपत एकदाच बोलला. शेताचा फोटो दाखवला तेव्हा त्याने दोन बोटांनी माती मोठी करून बराच वेळ पाहिली. म्हणाला, "किसी ने बहुत मन से तैयार की है."

१२ मार्च

भैयासाहेबांकडे गेलो. त्यांचे पूर्वज देवासच्या दरबारात होते. ते स्वतः बँकेतून निवृत्त झालेत, मुलगा शौर्य पुण्यात. टेकडीखाली टापटीप घर. अंबाखेडीची जमीन त्यांची.

करारावर सही करीन म्हणाले. अट एकच. "त्या जमिनीशी माझ्या आणि नव्या माणसाच्या नावाखेरीज तिसरं नाव कोणत्याही कागदावर येता कामा नये. आलं, तर मी जमीन देणार नाही. हे लिहून घे."

लिहून घेतलं. मग विचारलं, सध्या तिथे नांगरतं कोण?

त्यांनी कप बशीत ठेवला.

"कोणी नाही. आमचा उंकार हाली होता. तो वारला. मी स्वतः त्याच्या तेराव्याला पंक्तीस बसलो होतो."

१३ मार्च

मग तासं कोणाची?

१८ मार्च, मंगळवार

आज एक म्हातारा दिसला.

दुपारचे दोन. मी आंब्याखाली टेप गुंडाळत होतो. समोरच्या बांधाशी माणूस कुदळ मारत होता. धोतर, डोक्याला मुंडासं, अंगाने काटकुळा. एक पट्टा सरळ खणत येई, टोकाला येऊन थांबे, मागे वळून रेघ पाही. मग दुसरा.

हाक मारली. कुदळ थांबली. पण त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. हाक दुसऱ्याच कोणाला असावी अशा रीतीने तो उभा राहिला.

वाटेने दोन बायका गव्हाचे भारे घेऊन चालल्या होत्या. मी बोट दाखवून विचारलं, ते कोण? दोघींनी पदर सारखा केला. एकीने आंब्याकडे पाहिलं. म्हणाली, यंदा मोहोर बरा आहे. दुसरी म्हणाली, हो, गेल्या साली गळला होता. आणि गेल्या. ट्रॅक्टरवाल्याला थांबवून विचारलं. त्याने शेताकडे नीट पाहिलं — अगदी त्या माणसाच्या अंगावरून नजर पलीकडे गेली — आणि मला म्हणाला, बस पावणेचारची आहे, चुकवू नका.

फाइलसाठी शेताचे फोटो काढले. चार काढले.

१९ मार्च

ताईंनी फोटो पाहिले. म्हणाल्या, "आणि हा कोण रे, कुदळवाला?"

मी खुर्चीत बसलो. ताईंनाही दिसतो! मग मेलेला कसा असेल!

पण तेवढ्यात भैयासाहेबांची अट आठवली. म्हणालो, वाटेने जाणारा असेल कोणी.

ताईंनी मान हलवली आणि पुढचा फोटो पाहिला.

२४ मार्च

गणपतचा फोन. काही ठरलं का? गुजरातचा मुकादम येऊन गेला. त्याला आखातीजेपर्यंत थांबायला सांगितलंय.

२९ मार्च, शनिवार, अमावास्या

सुट्टी होती तरी गेलो. घरी सांगितलं, कन्नौदला मित्राकडे.

दुपारी बाराच्या सुमाराला शेताच्या हद्दीच्या दगडाशी एक बाई आली. पळसाच्या पानावर काहीतरी होतं. ते दगडावर ठेवलं, पाठ फिरवली, चालू लागली. मागे पाहिलं नाही. थोड्या वेळाने दुसरी. मग एक आजोबा काठी टेकत, डाळीचा गडवा घेऊन. सात माणसं मोजली. कोणी कोणाशी बोललं नाही. पितरांना ठेवतात तसं.

मग तो आला. दगडाजवळ मांडी घालून जेवला. रोट्या मोजल्या, निम्म्या फडक्यात बांधल्या.

मी जवळ गेलो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच स्वतःच्या मागे वळून पाहिलं. मी दुसऱ्या कोणाकडे तर बघत नाही ना, याची खात्री करायला.

पहिल्यांदा त्याचा आवाज फुटलाच नाही. खाकरून पुन्हा म्हणाला, "मालक ने भेज्यो?"

हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

विहिरीचं पाणी आणून दिलं त्याने. लोटा घेताना बोटांना बोटं लागली. गरम होती. माणसासारखी. पाणी प्यालो.

उंकारच तो. विहिरीमागच्या खोपटात राहतो. म्हणाला, मालकांना सांगा, जमीन दरसाल तयार ठेवतो, पण बी कोणी देत नाही. फाट्यावरच्या मोनूच्या बियाण्याच्या दुकानापुढे उभा राहतो, तो मागच्या माणसाचं बी तोलतो. पेरणी राहिली ती बी नाही म्हणून, अंगचोरीमुळे नाही. हे त्याने दोनदा सांगितलं. बैल केव्हाच गेले म्हणून कुदळीने. एका माणसाला कुदळीने बारा बिघे — सगळं वर्ष त्यातच जात असणार.

मग हळूच विचारलं, "म्हारो साल कद पूरो होयगो?"

आखातीजेला मालकाने समोर उभं करून 'छुट्टी' म्हणायचं असतं. म्हटल्याशिवाय हाली दुसरीकडे जात नाही. अकरा आखातीजा हा विहिरीपाशी धोतर धुवून उभा राहिला.

२ एप्रिल, बुधवार

मोनूने सांगितलं. सगळं.

मोनूचं अंबाखेडीच्या फाट्यावर बी-खताचं दुकान आहे, बाजूलाच चहाची भट्टी. दोन मुलांचा बाप, बोलका माणूस, येणाऱ्या-जाणाऱ्याची टर उडवतो. मला म्हणतो, "आ गए टेपवाले इंजीनियर साब!" आज दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी म्हणालो, भिया, शेतात कोण आहे ते मला माहीत आहे. त्याने काटा पुसायला घेतला. बराच वेळ पुसला.

अकरा वर्षांपूर्वी उंकार नेमावरला नर्मदेत नाहायला गेला आणि वाहून गेला. प्रेत मिळालं नाही. चार महिने वाट पाहून पुतण्यांनी पिठाचा पुतळा केला, जाळला, आणि तेराव्याला गावजेवण घातलं. त्याला इकडे नुक्ता म्हणतात. गहू-साखर भैयासाहेबांनी पाठवली, स्वतः येऊन पंक्तीत बसले. एकही घर मागे राहिलं नाही. सगळ्या गावाने लाडू खाल्ले.

पंधरा दिवसांनी उंकार चालत गावात आला. खालच्या अंगाला कुठल्या तरी धर्मशाळेत एवढे महिने आजारी पडून होता.

मी विचारलं, मग गावाने काय ठरवलं?

"तय किसी ने कुछ नहीं किया, भिया. हमने उनका नुक्ता खाया था. बस — पहले कौन बोलता?"

कोणीच आधी बोललं नाही. पहिला दिवस गेला, मग दुसरा. मग ते तसंच राहिलं. मोनू तेव्हा विशीत होता, त्याच्या ताटात दोन लाडू होते, हे त्याला अजून आठवतं.

एक बोलली. उंकारची बायको. तिने दार उघडलं, ताट वाढलं. दुसऱ्या दिवसापासून हातपंपावर तिच्याशी कोणी बोललं नाही. भांडण नाही, शिवी नाही. फक्त बाकीच्या बायका आपापसांत बोलत राहिल्या. अमावास्येला दगडावर दोघांचं जेवण ठेवायला लागले. दोन वर्षांनी ती खरीच गेली. त्याने एकट्याने तिला शेतात जाळलं.

"जो उनसे बोला, वो उधर का हो गया," मोनू म्हणाला. मग माझ्याकडे पाहिलं. "तुम तो नहीं बोले ना?"

नाही म्हणालो.

त्याने चहा पुढे केला आणि हसला. पुन्हा नेहमीचा मोनू.

३ एप्रिल

ताईंना सांगावं का? सांगितलं तर ताई गप्प बसणाऱ्या नाहीत. उंकारचं नाव सातव्या रकान्यात जाईल. भैयासाहेब सही करणार नाहीत. गणपतची जीप निघेल.

गणपतला सांगावं का? सांगितलं तर सजनबाई अशा गावात मुलीला घेऊन राहायची नाही. जीप निघेल.

दोन्हीकडून जीपच.

९ एप्रिल

भैयासाहेबांकडे गेलो. ऋणपुस्तिकेची (इकडचा सातबारा) प्रत घ्यायची होती. दारातून निघता निघता बोललो — उंकारला एकदा छुट्टी म्हणा. दोन मिनिटांचं काम आहे. मी सोबत येतो.

ते रागावले नाहीत. खूप थकलेले वाटले. जानकीबाई, त्यांच्या पत्नी, आतल्या दारात उभ्या होत्या. त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

"मेलेल्या माणसास सुट्टी देत नाहीत, बाळ. त्याचं तर्पण करतात. ते मी दरसाल करतो."

१५ एप्रिल

सातवा रकाना भरला. 'कोणी नाही. जमीन पडीत.'

'पडीत' लिहिताना अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं. टिंब खोडून टाकलं. फोटोंतले तीन काढून टाकले, चौथा ठेवला. त्यात फक्त विहीर आहे.

२२ एप्रिल, मंगळवार

सह्या झाल्या. तीन प्रती. गणपतने सही केली — सावकाश, प्रत्येक अक्षराला थांबून. सजनबाईने अंगठा दिला आणि मग शाई लागलेला अंगठा मुलीच्या गालाला पुसला. मुलगी रडायला लागली, सगळे हसलो.

सजनबाई विचारत होती, गाव कसं आहे? लोक बोलतात का नीट? सौराष्ट्रात शेतावरच राहायचं, मैलभर कोणी नाही. भाषा वेगळी. दिवसचे दिवस तोंड बंद. "आदमी तो बैल से भी बोल लेता है. मुझे चार लुगाइयाँ चाहिए, पानी भरते-भरते लड़ने को." (लुगाई म्हणजे बाई.)

सांगायचं होतं. तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात ताईंनी पेढे आणले.

पेढा खाल्ला.

२७ एप्रिल

आज पुन्हा अमावास्या. गेलो नाही.

३० एप्रिल, बुधवार, आखातीज

भैयासाहेब आले नाहीत. नारळ पाठवला.

ताई, मी, गणपत, सजनबाई, मुलगी. आणि गावातली पंधरा-वीस माणसं. गाव फार चांगलं वागलं, हे लिहून ठेवतो. मोनूने चहा आणला, एकाने पहिल्या दिवसापुरती बैलजोडी आणली होती. शिंगांना रंग लावलेला. एका आजीने मुलीला मांडीवर घेतलं, तिची वेणी सोडून पुन्हा घातली. बायका सजनबाईला विचारत होत्या, पायातली कडी कुठे घडवली, भाकरी कशाची खाता. दोघी तर आत्ताच तिची टिंगल करायला लागल्या होत्या — गुजरातमधे राहून डाळीत गूळ घालायला लागली असशील! सजनबाईचा चेहरा मी आधी असा पाहिला नव्हता.

उंकार विहिरीपलीकडे उभा होता. धोतर धुतलेलं. मान थोडी पुढे काढून तो वाटेकडे पाहत होता. मालक येतील म्हणून. माझ्याकडे एकदा पाहिलं. मी ओळख दिली नाही.

गणपतने नारळ फोडला. सजनबाईने खोबऱ्याचे तुकडे केले, गूळ घालून वाटायला लागली. सगळ्यांना मिळालं. तिने मान वर केली.

"वो बा रह गए."

बैलवाल्याने जोत्याची गाठ तपासली. आजी मुलीच्या वेणीला रिबन बांधत राहिली.

सजनबाई माझ्याकडे वळली. "भैया, वो कौन हैं?"

एक वाक्य पुरलं असतं. अठ्ठावीस दिवस ते वाक्य माझ्याजवळ होतं. मी फाइल उघडली आणि सह्या तपासायला लागलो. सह्या सगळ्या होत्या.

ती गेली. तासं मोडू नयेत म्हणून बांधाबांधाने गेली. खोबरं त्याच्या हातावर ठेवलं, पदर डोक्यावर घेतला आणि वाकली. "राम राम, बा." मागून गणपत गेला. मुलगी आजीच्या मांडीवरून उतरून धावत गेली. उंकार काहीतरी बोलला. सजनबाई हसली. काय बोलला ते इथवर ऐकू आलं नाही. गणपतने त्याचा हात धरून त्याला आंब्याच्या सावलीत बसवलं.

मी मागे पाहिलं.

कोणी चिडलं नव्हतं. मोनू कप गोळा करत होता. एकेक माणूस चपला घालून निघाला. आजीने मांडीवर पडलेली रिबन घडी करून कनवटीला लावली. बैलवाल्याने बैल सोडले आणि आल्या वाटेने घेऊन गेला. निरोप नाही, काही नाही.

ताई म्हणाल्या, "कामाची माणसं. कामाला लागली."

१ मे

काल जेवण गेलं नाही. आईला सांगितलं, ऊन लागलं.

६ मे

मी पण उंकारशी बोललो होतो. त्याच्या लोट्यातून पाणी प्यालो. तरी मोनू माझ्याशी बोलतो. म्हणजे बोलण्याने काही होत नाही. कोणी पाहिलं तरच होतं.

हे वाक्य लिहून तीनदा वाचलं. बरोबर आहे.

१९ मे, सोमवार

गणपतच्या आखातीजेचा फोटो ताईंनी ऑफिसात लावला. भिंतीवर मधोमध. म्हणाल्या, यंदाचं सगळ्यात स्वच्छ काम, आणि याचं श्रेय हर्षितला. टाळ्या झाल्या.

भैयासाहेबांचा फोन येऊन गेला. सगळं शांत आहे ना? हो म्हणालो. बरं, म्हणाले.

फोटोत मागे बैलवाला दिसतो. अर्धा. निघालेला.

१२ जून, गुरुवार

अंबाखेडीला जाऊन आलो. जावंच लागलं, तपासणीचा फॉर्म होता.

शेत फार छान आहे. विहीर उपसली. खोपटाशेजारी दुसरं खोपट बांधलंय. उंकार बांधावर बसून गणपतला सांगत होता, कुठल्या कोपऱ्यात पाणी तुंबतं, कुठे सोयाबीन पिवळं पडेल. अकरा वर्षांचं साठलेलं बोलतो. गणपत ऐकतो. जमिनीचं असं कोणी शिकवलं नाही म्हणाला. भैयासाहेबांनी दिली नाही ती छुट्टीही गणपतने देऊन टाकली होती — "बा, तुम्हारा साल पूरा. अब तुम हमारे घर के." तरी तो गेला नाही. कुठे जाणार?

बी कुठून आणलं विचारलं. कन्नौदहून. मोनूचं दुकान जवळ असताना? गणपत हसला. तीनदा गेलो, म्हणाला, तिन्ही वेळा तो दुसऱ्यांचं बी तोलत होता. नवीन माणसाला वेळ लागतो.

मुलीचं नाव शाळेत घातलंय. मास्तर बाहेरगावचे आहेत, ते बोलतात.

सजनबाईने चौघांच्या रोट्या केल्या, पाचवी मला. हातपंपावर जाते का विचारलं. विहीर आहे ना घरची, म्हणाली. एवढंच. पूर्वी इतकी बोलायची ती. मी फॉर्म भरला. 'शेतकरी समाधानी आहे का' — हो.

परत येताना मोनूकडे थांबलो. चहा, गप्पा, आईच्या गुडघ्याची चौकशी, देवासमधे पाणी येतं का. मी म्हणालो, गणपतचं शेत चांगलं तयार झालंय. मोनूने बाहेर पाहिलं. म्हणाला, आज बस वेळेवर दिसते.

मी पुन्हा गणपतचं नाव काढलं नाही.

२० जून

सजनबाईचा मिस कॉल. मीटिंगमधे होतो. नंतर केला नाही.

२१ जून

पुन्हा एक. पेरणी चालू असेल. पेरणीतली काही अडचण असेल, ती गणपत सांगेल.

३ जुलै, गुरुवार

सजनबाईचा फोन. घेतला. वही उघडून पेन हातात धरलं.

उगवण? चांगली. विहीर? भरली. मुलीची शाळा? चालू. गणपत? शेतात, बासोबत.

मग काम काय, विचारलं.

"काम कुछ नहीं, भैया. बस, थोड़ी देर बोलते रहो."